वस्तीतून धंदा उभा करताना: दोन डबे, एक वही आणि पहिले सहा महिने

जळगावात आमच्या वस्तीतल्या तीन बचतगटांच्या वह्या मी लिहिते. महिन्याच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येतं. दिवसभर भज्यांच्या लोटगाडीवर उभी राहिलेली बाई पदराची गाठ सोडते, पैसे मोजते आणि म्हणते, “माय, पैसा ते उनात, पण गयात कथा?” म्हणजे पैसे तर आले, पण गेले कुठे? गिऱ्हाईक असतं, हाताला चव असते, पहाटे चारला उठायची तयारीही असते. पण संध्याकाळी त्याच गाठीतून शंभराची नोट मुलाच्या वह्यांना जाते, दीडशे दवाखान्यात जातात, दोनशे हप्त्याला, आणि सकाळी बेसन आणायला शेजारणीकडून उसने घ्यावे लागतात. भांडवल नव्हतं म्हणून बंद पडलेले धंदे मी थोडेच पाहिले. घराचा आणि धंद्याचा पैसा एकाच पदरात बांधला म्हणून बसलेले धंदे कितीतरी पाहिले.

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार अशा शहरांत पत्र्याच्या घरातून, दोन-पाच हजारांत काहीतरी सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं खाण्याच्या धंद्याची जास्त येतील, कारण माझा हात त्यातच बसलेला आहे. शिलाई, इस्त्री, पंक्चर किंवा भंगाराचा धंदा असला तरी हिशेबाची रीत हीच.

पहिले आठ दिवस: काही विकू नका, फक्त मोजा

“तिथे गर्दी खूप असते” हे ऐकून जागा ठरवू नका. एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी माणसांचा लोंढा असतो, पण त्यातले बहुतेक डबा घेऊन निघालेले असतात. बसस्थानकाबाहेर माणसं कमी दिसतील, पण ती उपाशी असतात आणि त्यांना घाई असते. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसा. तासाभरात किती माणसं गेली यापेक्षा किती माणसं थांबली, खिशात हात घातला आणि काहीतरी घेतलं, ते लिहा. आधीपासून तिथे बसणाऱ्यांच्या टोपलीत बंद करताना किती माल उरतो, तेही बघा. तीन वेगवेगळ्या वारी मोजा. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस यांत फार फरक पडतो.

आपल्याकडे उन्हाळ्याचं वेगळं मोजावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पारा 44-45 वर जातो तेव्हा अकरा ते पाच रस्ता ओस पडतो. जानेवारीत दिवसभर चालणारी गाडी मे महिन्यात सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास चालते. जागेचं भाडं मात्र तेवढंच राहतं.

वस्तीतही चौकशी करा. आपली माणसं कोणत्या गोष्टीसाठी रिक्षाचे पैसे खर्चून फुले मार्केटला जातात? ब्लाऊजला अस्तर, साडीला फॉल, कुकरची रिंग, मोबाईलचं चार्जर. पहिलं गिऱ्हाईक दहा पावलांवर असतं आणि आपण ते चौकात शोधत राहतो.

मग धंदा निवडा, पण पैसा किती दिवसांनी परत येतो ते बघून

चहा, पोहे, भाजी, भाकरी यांत सकाळी घातलेला पैसा रात्री हातात येतो. इस्त्री, शिलाई, दुरुस्ती यांत माल थोडा लागतो, कसब जास्त लागतं, पैसे आठवड्याने येतात. बिबडे, पापड, कुरडया, राख्या, पणत्या यांत पैसा दोन-तीन महिने अडकून राहतो. घरात दुसरी रोजची कमाई नसेल तर हंगामी मालात हात घालू नका. एवढं एक तरी लक्षात ठेवा.

हे मी आमच्या गटाच्या अंगावर बेतलेलं पाहून सांगते. पहिल्या वर्षी होळी झाल्यावर आम्ही चौघींनी ज्वारीचे बिबडे करायला घेतले. ज्वारी ओलवून कांडायची, भरडून भिजत घालायची, मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, जिरं, मिरची घालून घाटा शिजवायचा, तो हाताला पाणी लावत ओल्या फडक्यावर थापायचा आणि उन्हात टाकायचा. आपल्याकडचं ऊन म्हणजे फुकटचं भांडवल आहे, यावर माझा आजही विश्वास आहे. दोन दिवसांत बिबडा कडकडीत वाळतो. पण एप्रिलच्या एका दुपारी आभाळ भरून आलं, वारा सुटला आणि अवकाळी पाऊस आला. वरच्या पत्र्यावर टाकलेली फडकी उतरवेपर्यंत निम्मा माल भिजला आणि दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी धरली. उरलेला माल एका दुकानदाराने “विकला की पैसे देतो” म्हणून ठेवून घेतला. पावसाळ्यात त्याने मोडकेतोडके तुकडे पोत्यात घालून परत केले. आमच्यातल्या दोघींच्या घरी त्या तीन महिन्यांत दुसरी कमाई नव्हती. त्यांनी सावकाराकडून घेतले.

आजही आमचा गट बिबडे करतो. पण आधी मागणी लिहून घेतो, निम्मे पैसे आगाऊ घेतो, आणि पाच-पाच किलोचेच घाणे लावतो. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांना घरचे बिबडे, नागलीचे पापड आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ हवं असतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आली की ती परत जाताना घेऊन जातात. त्यांच्या घरच्यांकडून मार्चमध्येच वजन लिहून घ्यावं.

पंधरा दिवस पडताळा, कर्ज न काढता

भांडी घरची, शेगडी उसनी, गाडी भाड्याची. नवीन काही विकत घ्यायचं नाही. जास्तीत जास्त दोन-तीन हजार घाला, तेही गेले तरी चूल बंद पडणार नाही असेच. रोज एकाच जागी, एकाच वेळी उभं राहा. पहिले चार दिवस कुणी फिरकत नाही. लोक आधी बघतात, पाचव्या दिवशी विचारतात, आठव्या दिवशी घेतात. नातेवाइकांनी खाल्लं आणि छान म्हणाले, ते धरायचं नाही. पूर्ण पैसे देऊन दुसऱ्यांदा आलेला अनोळखी माणूस तेवढा मोजायचा. पंधरा दिवसांत असे दहा जण झाले नाहीत तर जागा, वेळ किंवा पदार्थ यांतलं एक बदला. तिन्ही एकदम बदलू नका, नाहीतर चूक कुठे होती ते कळत नाही.

भाव कसा काढायचा: चाळीस भाकरींचा हिशेब

इथे घाई नको. वही घ्या आणि सोबत लिहा. कळण्याची भाकरी आणि ठेचा विकायचा आहे असं धरू. भाव मी उदाहरणाला घेतले आहेत, तुम्ही तुमच्या दाणा बाजारातले घाला.

कळण्याला चार भाग ज्वारी आणि एक भाग काळे उडीद. एक किलो पिठात बेताच्या आकाराच्या आठ भाकरी होतात असं धरलं तर चाळीस भाकरींना पाच किलो पीठ. चार किलो ज्वारी 45 रुपयांनी 180. एक किलो उडीद 110. दळणाचे 40. गॅस दिवसाला 120. ठेच्याची मिरची, लसूण, शेंगदाणे, तेल 100. कांदा आणि बांधायचा कागद 60. रिक्षा 40. बेरीज 650.

आता आपल्या बायका काय करतात? 650 ला चाळीसने भागतात, सव्वासोळा येतात, आणि भाकरी-ठेचा वीस रुपयांना लावतात. चाळीसपैकी दोन भाकरी रोज उरतात. अडतीस विकल्या, 760 आले. 110 रुपये सुटले म्हणून समाधान वाटतं. पण त्यासाठी ती पहाटे चारला उठली, पीठ मळलं, थापलं, भाजलं, उभी राहिली, भांडी घासली. पाच तास गेले. तवा, परात, गाडीच्या चाकाची झीज रोजची 20 धरा. उरले 90. म्हणजे तासाला 18 रुपये. एवढ्या मजुरीवर ती दुसऱ्याच्या दारी कामाला गेली नसती, स्वतःच्या चुलीपाशी मात्र राबते.

म्हणून आपली मजुरी खर्चात आधी लिहा. तासाला 50 धरले तर पाच तासांचे 250. आता एकूण खर्च 650 अधिक 20 अधिक 250, म्हणजे 920. विकल्या जाणाऱ्या भाकरी अडतीस. भागाकार केला की एका भाकरीला सव्वाचोवीस रुपये पडतात. त्याखाली विकलं तर तुमच्याच घामातून गिऱ्हाइकाला सूट दिली जाते. तीस रुपये लावले तर 1,140 येतात आणि 220 उरतात. हे 220 धंद्याचे. तुमचे 250 वेगळे.

“तीस लावले तर कोण घेईल?” हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारतात. कच्चा कांदा, लिंबाची फोड आणि भरताचा एक डाव घातला तर घेतात. आपल्या भागातलं भरीताचं वांगं भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. हिवाळ्यात ते स्वस्त असतं आणि बाहेरगावचा माणूस त्यासाठी थांबतो. भाव पाडून गिऱ्हाईक ओढू नका, ताटात एक जिन्नस वाढवा. ज्या दिवशी शेजारच्या गाडीने पाच रुपये कमी केले म्हणून तुम्हीही कमी कराल, त्या दिवसापासून दोघीही उपाशी राहाल.

गॅसबद्दल सांगायलाच हवं. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरायला कायद्याने बंदी आहे. पकडलं तर सिलिंडर जातं, आणि दाटीवाटीच्या वस्तीत नळी गळाली तर काय होईल याचा विचारच नको. हिशेब व्यावसायिक सिलिंडरचाच करा. तो परवडत नसेल तर भाव चुकला आहे.

दोन डबे

दोन डबे आणा. स्टीलचे नकोत, झाकणाला फट पाडलेले पत्र्याचे चालतील. एकावर ‘धंदा’, एकावर ‘घर’ लिहा. दिवसभराचे पैसे आधी धंद्याच्या डब्यात जातात. रात्री त्यातून आपली मजुरी, म्हणजे वरच्या उदाहरणातले 250, घराच्या डब्यात टाका. घरखर्च त्यातूनच भागवायचा. धंद्याच्या डब्यातून आधी उद्याच्या मालाचे पैसे बाजूला काढा. उरतील त्यांतले थोडे बँकेत किंवा गटात भरा, थोडे मोडतोडीला ठेवा.

हे सोपं वाटतं. पण रात्री नऊला पोराला ताप येतो, घराच्या डब्यात तीस रुपये असतात आणि धंद्याच्या डब्यात सहाशे. घ्या. पोरापेक्षा डबा मोठा नाही. फक्त वहीत लिहा: ‘घराने धंद्याचे 300 उसने घेतले.’ आणि पुढचे सहा दिवस मजुरीतून पन्नास-पन्नास परत टाका. लिहिलेलं उसनं फिटतं. आमच्या गटात ज्यांनी ही वही ठेवली त्यांना दुसऱ्या महिन्यापासून “गयात कथा”चं उत्तर स्वतःच देता यायला लागलं.

लिहिता येत नसेल तर खडूने भिंतीवर रेघा ओढा, किंवा शाळेत जाणाऱ्या मुलीला रोज दहा मिनिटं बसवा. घरातल्या पुरुषाला हिशेब दाखवा, पण धंद्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात असू द्या. फोनवर येणारे पैसे वेगळ्या बचत खात्यात घ्या. नवऱ्याच्या खात्याचा क्यूआर कोड गाडीवर लावलेला मी अनेकदा पाहते. त्या बाईला महिनाअखेर आपण किती कमावलं ते सांगता येत नाही, आणि बँकेत दाखवायला तिच्या नावावर एकही व्यवहार नसतो.

उधारी

वस्तीत उधारी पूर्ण बंद करता येत नाही. ज्यांना आपण देतो त्यांनीच आपल्याला कधीतरी पीठ दिलेलं असतं. पण मर्यादा ठेवता येते. एका घराला दोनशेच्या वर नाही. मागचं फिटल्याशिवाय नवीन नाही. आणि एकूण उधारी एका दिवसाच्या मालाच्या खर्चाहून जास्त झाली की त्या दिवशी कुणालाच नाही. मागताना चारचौघांत मागू नका. सकाळी घरी जाऊन, “मावशी, उद्या माल भरायचा आहे, थोडे जमतील का?” एवढंच म्हणा. पगाराच्या दिवशी विचारलं तर मिळतात, वीस तारखेनंतर फक्त वाकडेपणा येतो.

कागदपत्रं: आधी काय, नंतर काय

खाण्याच्या धंद्याची नोंदणी सोडली तर बाकी कागदांच्या मागे पंधरा दिवसांची पडताळणी जमल्यावर लागा.

खाण्याचं काहीही विकत असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करा. एवढ्या छोट्या धंद्याला परवान्याची गरज नसते, नोंदणी पुरते. तिची फी वर्षाला 100 रुपये, अर्ज ऑनलाइन. फोटो आणि ओळखपत्र लागतं. पाकिटात बांधून पापड-बिबडे विकणार असाल तर पाकिटावर नाव-पत्ता, घटक, निव्वळ वजन, किंमत, बांधणीची तारीख, किती दिवसांत वापरावं, हिरवी शाकाहारी खूण आणि नोंदणी क्रमांक हवा. तराजू वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घ्या. इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासावा लागतो. पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांना राज्यात 2018 पासून बंदी आहे, त्यांच्यावरचा दंड कित्येक दिवसांची कमाई खातो.

दुसरी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद. आधार आणि पॅनवर होते, आणि ती पूर्ण मोफत आहे. सेतूवाला किंवा एजंट अर्ज भरायची थोडी मजुरी घेईल ते ठीक, पण ‘सरकारी फी’ म्हणून हजार मागत असेल तर उठून या. जीएसटीची भीती बाळगू नका. मालाच्या धंद्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत, सेवेच्या धंद्याला 20 लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही.

रस्त्यावर बसणाऱ्यांचा हक्क

पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. त्यानुसार पालिकेने दर पाच वर्षांतून एकदा तरी सर्वेक्षण करायचं असतं. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत आधीपासून बसणाऱ्याला हटवता येत नाही. हटवायचं किंवा दुसरीकडे न्यायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त झाला तर यादी करून तिची प्रत तुमच्या हातात दिली पाहिजे. नाशवंत माल मागणी केल्यावर, ठरलेली फी भरून, त्याच दिवशी परत मिळतो आणि टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत.

हे तोंडपाठ असलं तरी अतिक्रमणाची गाडी आली की पाय थरथरतात. म्हणून तयारी आधी करा. गाडीचा मालासकट फोटो रोज फोनमध्ये काढा, तारीख आपोआप येते. बाजार फीच्या पावत्या एकाही टाकू नका. त्या जागी तुम्ही किती वर्षांपासून आहात याचा तोच पुरावा असतो. आणि एकट्या भांडू नका, ओळीतल्या दहा जणांनी मिळून अर्ज लिहा आणि पोहोच घ्या.

कर्ज: धंदा तीन महिने चालल्यावर

गल्लीत रोज संध्याकाळी येणाऱ्या ‘डेली’वाल्याचा हिशेब आधी समजून घ्या. तो दहा हजारांचं कर्ज म्हणतो, हातात नऊ हजार ठेवतो, आणि शंभर दिवस रोज शंभर घेऊन जातो. ऐकायला हजार रुपयेच व्याज. पण नऊ हजार तुमच्याकडे शंभर दिवस राहत नाहीत, रोज थोडे परत जातात. सरासरी साडेचार हजारच तुमच्याकडे होते. साडेचार हजारांवर शंभर दिवसांत हजार, म्हणजे वर्षाला सुमारे 80 टक्के. हातात साडेआठ हजारच ठेवले तर हाच आकडा सव्वाशेच्या पुढे जातो. सावकाराला राज्यात 2014 च्या कायद्याने परवाना लागतो. विनापरवाना वसुलीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

याऐवजी क्रम असा ठेवा. आधी गटातलं अंतर्गत कर्ज. मग रस्त्यावर विकत असाल तर पीएम स्वनिधी. ही योजना 2020 साली दहा हजारांपासून सुरू झाली. आता पहिला टप्पा 15,000, वेळेवर फेडलं की दुसरा 25,000, मग 50,000, आणि योजनेची मुदत मार्च 2030 पर्यंत आहे. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला 7 टक्के व्याज सवलत खात्यात जमा होते. विक्री प्रमाणपत्र नसेल तर पालिकेचं शिफारसपत्र चालतं. त्यानंतर छोट्या धंद्यांसाठीची मुद्रा कर्जयोजना. त्यात शिशु गटात 50,000 पर्यंत मिळतात आणि तारण लागत नाही. बँकेत जाताना दोन डब्यांची वही आणि तीन महिन्यांचं खातं सोबत न्या. मॅनेजर योजनेचं नाव ऐकून खुर्ची देत नाही, वही उघडली की देतो. हे मी स्वतः उभं राहून पाहिलं आहे.

मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलंच तर रिझर्व्ह बँकेचे 2022 चे नियम माहीत असू द्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर गाठायचं नाही. व्याज आणि सगळा खर्च लिहिलेला कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागून घ्या. आणि कर्ज पैसा आणणाऱ्या वस्तूसाठीच घ्या. शिलाई मशीन, व्यावसायिक शेगडी, दुसरा तवा. ‘गाडीला रंग देऊ, बोर्ड लावू’ यासाठी नाही.

सहा महिने झाल्यावर

एव्हाना वहीवरून दिसायला लागतं की कोणते महिने भरतीचे आणि कोणते ओहोटीचे. लग्नसराई, आखाजी, दिवाळी यांत माल पुरत नाही. कानबाईच्या (श्रावणातल्या खानदेशी सणाच्या) रोटांच्या दिवसांत तयार खाणं कुणी घेत नाही, पण दळण आणि किराणा दुपटीने जातो. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला की लोटगाडी चार-चार दिवस दारात उभी असते. भरतीच्या महिन्यांत रोज वीस-तीस रुपये ‘पावसाळा’ नावाने वेगळे काढा. घराचे तीस दिवस भागतील एवढे साठेपर्यंत दुसरी गाडी, दुसरा गाळा, दुसरं कर्ज यांचं नाव काढू नका.

मदतीला माणूस ठेवताना वहिनी, भाची, जाऊ कुणीही असली तरी रोज ठरवा आणि रोजच्या रोज द्या. ‘घरचंच आहे’ म्हणून बिनपैशाने राबवलेली जाऊ सहा महिन्यांत समोर स्वतःची गाडी लावते, आणि तिचं काही चुकलेलं नसतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालाचे भाव पुन्हा लिहून चाळीस भाकरींची बेरीज नव्याने करा. उडीद दहा रुपयांनी वाढला, गॅस शंभराने वाढला, तर भाकरीमागे किती वाढलं ते त्या दिवशीच दिसलं पाहिजे. भाव वाढवायचा असेल तर दोन दिवस आधी गिऱ्हाइकाला तोंडाने सांगा. आमच्या ओळीतली एक बाई पाटीवर खडूने ज्वारी-उडदाचा बाजारभाव लिहून ठेवते आणि त्याखाली आपला. गेल्या दोन वर्षांत तिने तीनदा भाव वाढवला आणि तिची एमआयडीसीतली रोजची माणसं अजून तिच्याकडेच येतात.